धबधब्याच्या वरची नदी

धबधबा पाहायचा म्हटले की आपल्याकडची माणसे आषाढ-श्रावणात निघतात. खरे सांगायचे तर त्या दिवसांत धबधबा दिसतच नाही. कड्यावर धुके उतरलेले असते, पावसाची झड डोळे उघडू देत नाही, छत्री उलटी होते आणि समोर जे काही पांढरे हलत असते ते पाणी की ढग हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. आणि नेमक्या त्याच दिवसांत नदीला माणसाची गंमत सोसत नाही. आश्विनात पाऊस सरला, ऊन पडले, भात पिवळे पडू लागले की मग रानातला धबधबा पाहण्याजोगा होतो. अशाच एका धबधब्याबद्दल, आणि त्याहीपेक्षा त्याच्या वर असलेल्या, आपल्या दृष्टीस न पडणाऱ्या नदीबद्दल मला आज बोलायचे आहे.

ठिकाण आहे देवकुंड. रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी भिरा आणि पाटणूस ही गावे आहेत. पुण्याकडून येणारा माणूस ताम्हिणी घाट उतरून विळ्याला येतो. मुंबईकडचा कोलाडवरून किंवा माणगाव-निजामपूरवरून तिथेच पोचतो. विळ्याहून आत भिऱ्याला जायचे आणि तिथून पुढे पायी. सारा प्रवास एका दिवसाचा. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीला घरी परत येऊ शकतो.

भिऱ्याला पोचल्यावर आधी डोंगराकडे पाहावे. तिथे घाटावरून उतरलेले जाडजूड नळ दिसतात. आत्ता धबधब्याची गोष्ट आणि मध्येच हे नळ कुठले, असे वाटेल. पण ऐका. मुळशी धरणाचे पाणी मूळचे मुळा नदीचे. ते तसेच वाहते तर भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले आणि तेव्हापासून ते पाणी घाटाखाली उतरवून, त्याच्यावर वीज करून, इकडे कुंडलिका नदीत सोडले जाते. म्हणजे पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळले आणि कोलाड, रोहे करीत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळू लागले. (याच धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला होता. विजेचा दिवा लावताना त्याची आठवण फार थोड्यांना होते.) आता यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की, वीजकेंद्राच्या खालच्या अंगाला कुंडलिकेचे पाणी पावसावाचूनही वाढते. कोलाडला होड्यांतून नदीच्या खळाळातून जाण्याचा जो खेळ चालतो, तो या सोडलेल्या पाण्यावरच चालतो. आकाश निरभ्र आहे म्हणून नदी वाढणार नाही, हा हिशेब तिथे चुकतो. धरणाखालच्या कुठल्याही नदीला हे लागू आहे, मग ती तुमच्या गावची का असेना.

देवकुंडाची वाट मात्र या वीजकेंद्राला मागे टाकून जलाशयाच्या काठाने डोंगरात शिरते. जायला सहा किलोमीटरच्या आसपास चाल आहे. मुले बरोबर असली तर अडीच-तीन तास धरावेत. पहिला टप्पा सपाटीचा. उजेड, पाणी, पाण्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब. मग रान लागते. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या. पायाखाली पाचोळा इतका की आपल्याच पावलांचा आवाज मोठा वाटतो. नशीब असेल तर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना दिसते, आणि ओढ्याच्या आसपास एखादा माणूसच शीळ घालतो आहे असे वाटले तर दचकू नये. तो कस्तूर पक्षी असतो. त्याची शीळ ऐकायला म्हणून तरी मोठ्याने गाणी लावू नयेत. अलीकडे खांद्यावर वाजता डबा घेऊन रानात जाणारी मंडळी दिसतात, त्यांना रान काय ऐकवणार?

या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. कोकणात याला कोणी पऱ्या म्हणतो, कोणी वहाळ. साकव असला तर साकवावरून, नसला तर दगडांवरून पाय देत. शेवटी कातळांची चढण लागते, गारवा वाढतो, आवाज येऊ लागतो आणि एकदम झाडे बाजूला होऊन तिन्ही अंगांनी उभा कडा, मध्ये पाण्याची धार आणि तळाशी हिरवे-निळे कुंड असे दृश्य समोर येते. हे वर्णन मी इथेच थांबवतो. पाहण्याची गोष्ट सांगून पुरी होत नाही.

आता शिक्षक बंधू-भगिनींनी थोडे लक्ष द्यावे. त्या कड्याकडे नीट पाहिले तर तो एकसंध नाही. त्यात आडवे थर आहेत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. आपला हा सगळा दख्खन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या तप्त शिलारसाचा बनलेला आहे. एक लोट आला, थिजला, मग दुसरा त्याच्यावर पसरला, असे कित्येक. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, काळा. पाथरवट जात्याला, पाट्याला निवडतो तो हा दगड. वरचा भाग मात्र वाफेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ठिसूळ. विहीर खणणारी माणसे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. हे ज्ञान पुस्तकात शोधायला नको, आपल्या गावच्या विहिरीत डोकावले तरी दिसते.

पाणी या थरांवरून खाली येते तेव्हा घट्ट दगड दाद देत नाही, पण त्याच्या खालचा मऊ थर खाऊन जातो. खालून पोखरले की वरचा घट्ट दगड छपरासारखा पुढे राहतो आणि एक दिवस आपल्याच वजनाने तुटून खाली पडतो. म्हणून धबधब्याच्या तळाशी एवढाल्या शिळा असतात. म्हणूनच धबधबा हजारो वर्षांत हळूहळू मागे, डोंगरात सरकत जातो. आणि कुंड? ते नुसत्या पाण्याने होत नाही. पाण्याबरोबर आलेले गोटे तळाशी गरगर फिरतात आणि कातळ घासतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत तेही गोट्यांच्या अशाच घासण्याने झालेले. लहान वयात ज्याने ते पाहिले त्याला झीज म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही.

हे सारे कळले म्हणजे डोहात का उतरायचे नाही हेही कळते. वरून पडणारे पाणी हवा घेऊन खाली जाते. डोहाचा तो भाग बुडबुड्यांनी भरलेला असतो, आणि अशा फसफसत्या पाण्यात पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. शिवाय धार तळाशी आपटून वर उसळते आणि पृष्ठभागावरचे थोडे पाणी पुन्हा धारेकडेच ओढले जाते. सापडलेला माणूस काठाकडे हात मारतो आणि धारेखाली जातो. त्यात पाणी थंडगार; चालून तापलेला देह एकदम त्यात पडला की श्वास अडकतो. तळाशी त्या तुटून पडलेल्या शिळा आहेतच. 'मला विहिरीत पोहता येतं' हे म्हणणे इथे कामाचे नाही. विहिरीचे पाणी स्थिर असते. डोह बाहेरून शांत दिसला तरी आत कामच करीत असतो.

पण डोहापेक्षाही मोठा धोका वरच्या नदीचा आहे, आणि तोच लोकांच्या ध्यानात येत नाही. आपण कड्याच्या पायथ्याशी उभे असतो. नदी मात्र कड्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावर सुरू झालेली असते. तिथे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. पुण्यात सालाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. तिथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नसलेल्या ताम्हिणीच्या माथ्यावर तोच पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर ढगफूट, असे सह्याद्रीत सहज घडते.

त्याचा हिशेब सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटर म्हणजे दहा लाख चौरस मीटर. घाटमाथ्यावर पंचवीस मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत एक इंच पाऊस झाला, तर त्या एका चौरस किलोमीटरवर अडीच कोटी लिटर पाणी पडले. यातले अर्धे मुरले असे धरले तरी सव्वा कोटी लिटर उरते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर बाराशे पन्नास टँकर झाले. एवढे पाणी उभ्या उतारावरून एका अरुंद घळीत येते. ते सावकाश येईल असे कसे म्हणता येईल? शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. मघाशी घोट्याएवढ्या पाण्यातून आलो म्हणून आत्ता गुडघ्याएवढ्या पाण्यातून जाऊ, हा विचार इथेच फसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी चढत होते आणि ती माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. ते चित्र त्या वेळी घरोघरी पाहिले गेले. पाहणाऱ्याला वाटते, चार पावले तर टाकायची होती. ती चार पावले टाकता येण्याची वेळ काही मिनिटांपूर्वी निघून गेलेली असते.

ही वेळ ओळखायची कशी? रानातली माणसे ओळखतात. आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन मी एकदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. वाटाड्या म्हणून पाटणूसकडचे एक गृहस्थ होते, साठीच्या घरातले. ओढा ओलांडताना त्यांनी पात्राच्या मध्ये असलेला एक दगड मुलांना दाखवला आणि म्हणाले, "ह्याची पाठ कोरडी हाय ना? ध्यानात ठेवा." मी एका विद्यार्थ्याला पाण्याबाहेर दिसणारे दगड मोजायला लावले. चौदा होते. धबधब्यापाशी मुले पोळ्या सोडून बसली, डोक्यावर लख्ख ऊन. बाबा मात्र जेवताना सारखे घाटाच्या माथ्याकडे पाहत होते. एकाएकी उठले, पाण्यात हात घातला, वास घेतला आणि मला म्हणाले, "सर, पोरांना उठवा. खाणं वाटेत हुईल." मी विचारले, "बाबा, पाऊस कुठाय?" तर म्हणाले, "वर हाय. पाण्याला मातीचा वास येतोय." आम्ही ओढ्याशी आलो तेव्हा खुणेचा दगड भिजला होता आणि त्या विद्यार्थ्याने मोजलेल्या चौदांपैकी नऊच दगड बाहेर होते. सगळे पलीकडे गेलो. काठावर बसून उरलेले जेवण झाले आणि जेवण होईतो नऊचे तीन झाले. वीज कडाडली नाही, कोणी ओरडले नाही. फक्त पाणी वाढले.

बाबांनी जे पाहिले ते कोणालाही शिकता येते. नितळ पाणी गढूळ होते. पाण्यावर पाचोळा, काटक्या, फेस येऊ लागतो. प्रवाहाचा आवाज जड होतो, म्हणजे खळखळ जाऊन घरघर येते, कारण तळाचे गोटे हलू लागलेले असतात. यातली एकही खूण दिसली तर सामान गोळा करीत बसू नये. पाण्यापासून दूर, काठाने वर, उंच जागी जावे. पात्रातून खाली पळू नये, कारण पाणी आपल्यापेक्षा जोरात धावते. पलीकडे अडकलो तर अडकून राहावे. घाटातल्या लहान ओढ्यांचे पाणी जसे भरभर चढते तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतेही. एक रात्र उपाशी काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी येतो.

परतीच्या पावसाचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. म्हणून ऑक्टोबरात गेलात तर सकाळी लवकर चालू लागावे आणि बारा-साडेबाराला परत फिरावे. नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत बरा. पाण्याची धार बारीक झालेली असते हे खरे, पण कड्याचे थर मोजता येतात. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी आणि निघताना असा दोनदा पाहावा. नारिंगी किंवा तांबडा असेल तर सहल पुढे ढकलावी. मुलांची नाराजी सोसवते. घळीत मोबाइलला आवाज मिळत नाही, तेव्हा गावात कोणाला तरी 'इतके जण आहोत, इतक्या वाजता परत येऊ' असे सांगून ठेवावे. कोणी पाण्यात सापडलाच तर त्याच्यामागे उडी घालू नये. दोर, साडी, लांब काठी, तेलाचा रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते फेकावे आणि जिथून लागेल तिथून ११२ क्रमांकावर कळवावे. कड्याला आग्या मोहोळे असतात. खाली धूर करू नये, दगड मारू नये. आणि दहा मुलांमागे एक तरी मोठे माणूस असावे, ज्याला त्या दिवशी स्वतःचे छायाचित्र काढून घ्यायचे नाही.

पावसाळ्यात देवकुंडाला आणि आसपासच्या धबधब्यांना जाण्यावर जिल्हा प्रशासन मनाई करते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. शहरातली मंडळी म्हणतात, आम्हाला निसर्गापासून तोडता का? गावातली माणसे, ज्यांची चार महिन्यांची कमाई वाटाडेपणावर आणि भाकरी-पिठल्यावर असते, ती म्हणतात, आमच्या पोटाचे काय? गावकऱ्यांचे दुःख मला खरे वाटते. पण बुडालेल्याला शोधायला रात्री-अपरात्री दोर घेऊन जातात तीही याच गावांतली माणसे. त्यांना विचारले तर मनाई असावी असेच बहुतेक जण सांगतील, असा माझा अनुभव आहे. माझे म्हणणे एवढेच की, फलकावर 'प्रवेश बंद' इतकेच लिहून भागत नाही. का बंद, ते शाळेत शिकवले पाहिजे. मनाई मोडणारा माणूस बहुधा उद्धट नसतो, त्याला वरची नदी ठाऊक नसते.

आपल्या जुन्या माणसांनी हे वेगळ्या रीतीने सांभाळले होते. डोह देवाचा, राई देवाची. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. भीतीपोटी का होईना, पाणी आणि रान दोन्ही राखले गेले. आज देवाची भीती घालून चालणार नाही आणि घालूही नये; पण त्या भीतीच्या जागी समज यायला हवी होती, ती अजून पुरती आलेली नाही.

रानाचा आणि धबधब्याचा संबंध दाखवायला एक सोपा प्रयोग आहे. दोन पसरट पाट्या घ्याव्यात, दोन्हींत सारखी माती भरावी. एक उघडी ठेवावी, दुसरीवर पाचोळ्याचा चांगला थर द्यावा. दोन्ही एका बाजूने विटेवर टेकवून तिरप्या कराव्यात, खालच्या कडेशी भांडे ठेवावे आणि झारीने दोन्हींवर एक-एक तांब्या पाणी घालावे. उघड्या पाटीचे पाणी लगेच, तांबडे होऊन येते आणि थांबते. पाचोळ्याच्या पाटीचे उशिरा येते, नितळ येते आणि बराच वेळ ठिबकत राहते. डोंगर बोडका झाला की पावसाळ्यात लोंढा आणि माघात कोरडा कातळ, असे का होते ते मुलांना सांगावे लागत नाही. देवकुंडाच्या वर आणि भोवती अजून रान आहे. २०१३ साली ताम्हिणीच्या परिसरातल्या काही भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळा सरल्यावरही इकडच्या ओढ्यांना पाणी टिकते ते पाचोळ्याच्या पाटीसारखेच.

प्रत्येक शाळेला भिऱ्यापर्यंत येणे जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या गावच्या ओढ्यात, सुरक्षित काठावरून दिसेल असा एक दगड खुणेला निवडावा. त्याच्यावर चुन्याने बोटा-बोटाच्या रेघा माराव्यात. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवावा. सरळ उभ्या बाजूंचा डबा आणि मोजपट्टी असली तरी काम भागते. जूनपासून रोज सकाळी दोन मुलांनी पाऊस मोजावा, दोघांनी काठावरून रेघ पाहावी आणि वहीत लिहावे. किती पाऊस पडल्यावर किती वेळाने पाणी चढले, हा रकाना मुले स्वतःच काढतील. आमच्या ओळखीच्या एका शाळेत ही वही तीन वर्षे चालू आहे, आणि गेल्या पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या मुलांना दुपारी कधी घरी सोडायचे, हे तिथल्या गुरुजींनी त्या वहीवरून ठरवले.